काटे दिसत नाहीत: वेरूळ, आजी आणि बारीक मासळीचा इतिहास

आजचा भाग शक्यतो जेवताना ऐकू नका. ताटात मासा असेल तर नकोच नको. का, ते शेवटी सांगतो.

मी मूळचा वेरूळचा. हो, तेच लेण्यांचं वेरूळ. बी.टेक. करून पुण्यात कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी तुमच्यासाठी इतिहासाच्या गोष्टी गोळा करतो. वेरूळ म्हटलं की लोकांना कैलास लेणं आठवतं, घृष्णेश्वर आठवतो, मालोजीराजे आठवतात. मला आधी आठवतं ते आमचं मागचं दार. तिथे आजी पाट टाकून बसायची. समोर चुलीतली राख, बाजूला पाण्याची बादली आणि परातीत बोटाएवढी चंदेरी मासळी.

या पावसाळ्यात घरी गेलो तेव्हा दारावर मासळीवाला आला होता. तलावातली बारीक मासळी, अगदी ताजी. आजी आतूनच म्हणाली, "नको रे बाबा. मला आता काटे दिसत नाहीत."

आजी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. डोळ्यांचा पडदा खराब झालाय, ऑपरेशनने सुधारण्यासारखं काही नाही. वाक्य साधंच होतं. पण माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात हा मासा करता येणारी ती एकटीच आहे. आई चिलापी करते. मी पुण्यात ॲपवरून काटे काढलेले तुकडे मागवतो. आजी थांबली की ही रीत आमच्या घरातून संपली. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एकच डेव्हलपर, डॉक्युमेंटेशन शून्य, बॅकअप नाही.

मग मासळी घेतली आणि आजीला म्हटलं, "तू सांग, मी करतो." फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं. पुण्याला परतल्यावर वाचायला बसलो, की या माशाबद्दल आपल्याकडे कुणी काय लिहून ठेवलंय? आजचा भाग या दोन्हींतून झालाय.

अशोकाचा बिनकाट्याचा मासा

सुरुवात जरा लांबून करू. सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख साधारण इ.स.पू. २४३ मधला. त्यात मारायचे नाहीत अशा प्राण्यांची यादी आहे. पोपट, मैना, हंस, वटवाघूळ वगैरे. त्याच यादीत एक शब्द येतो: 'अनठिकमछे'. संस्कृतात अनस्थिक मत्स्य, म्हणजे हाडं नसलेला मासा. हा नेमका कोणता प्राणी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण विचार करा, सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या सरकारी हुकुमात मासे ओळखायची एक खूण होती ती काट्यांची! काट्याचा आणि बिनकाट्याचा, हा फरक आपल्या मासळी बाजाराने शोधलेला नाही. त्याच लेखात ठरावीक तिथींना मासे मारू नयेत आणि विकू नयेत असंही म्हटलंय. विकायला बंदी घालावी लागली, म्हणजे विक्री होत होती.

त्याहूनही मागे जाऊ. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती सापडली. घरं, चुली, धान्याच्या कणग्या. उकिरड्यांमधून गाई-बैलांची, शेळ्या-मेंढ्यांची, हरणांची हाडं निघाली, आणि माशांचीही. आता यात एक गोम आहे. बैलाचं हाड मातीत टिकतं आणि खणताना सहज दिसतं. बोटभर माशाचा काटा केसासारखा. तो कुजतो, नाहीतर चाळणीतून निसटतो. म्हणजे जेवढा बारीक मासा, तेवढा त्याचा पुरावा कमी. इतिहासात काय उरतं हे कधीकधी फक्त हाडाच्या जाडीवर ठरतं.

राजाचा गळ

आता आमच्या भागाजवळ येऊ. कैलास लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. तिथे अंगणात एका बाजूला नद्यांचं छोटं देऊळ आहे. गंगा, यमुना, सरस्वती. गंगा मकरावर उभी, यमुना कासवावर. पुढच्या वेळी गेलात तर नक्की बघा. नदीतल्या जीवांना लेण्यात मानाची जागा मिळाली ती अशी, देवीचं वाहन म्हणून.

मासा ताटात कसा यायचा ते कळायला आणखी चारेकशे वर्षं पुढे यावं लागतं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्याने ११२९ च्या सुमाराला 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. शंभर अध्याय, आणि त्यात राजाने काय काय करावं याची जंत्री. हत्ती कसे पाळावेत, दागिने कसे ओळखावेत, जेवण कसं असावं. मत्स्यविनोद नावाचा एक भागच आहे. त्यात समुद्रातले आणि नद्यांतले मिळून पस्तीसेक प्रकारचे मासे येतात. खवले असलेले वेगळे, नसलेले वेगळे. कुठल्या माशाला कुठलं आमिष, गळ कसा, दोरी कशी, सगळं तपशीलवार. अन्नाच्या अध्यायात मासे कापून, धुऊन चिंचेच्या कोळात शिजवायची कृतीही आहे. तेव्हा मिरची नव्हती. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. तिखटपणा मिऱ्याचा.

वाचताना मजा येते. पण हा राजाचा छंद आहे. गळाला लागून झुंज देईल असा मासा त्याला हवा. फडक्यात ओंजळभर बांधून आणायची मासळी त्याच्या विनोदात कशाला येईल?

छापील पुस्तकांच्या काळातही चित्र फार बदललं नाही. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं. त्या मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातल्या, त्यामुळे मासे भरपूर. पण ते समुद्राचे. मराठीत माशाबद्दल जे लिहिलं गेलं ते बहुतेक किनाऱ्यावरून. गोदावरीच्या काठाने कुणी मासे खातं की नाही, असा प्रश्न पडावा इतकी शांतता. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या जेवणावर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' लिहिलं ते थेट २०१५ मध्ये. नावातच टोमणा आहे. ज्यांच्या चुलीवर काय शिजतं ते कुणी विचारलंच नाही, त्यांच्या चुलीबद्दलचं ते पुस्तक.

आमच्या घरचंच सांगतो. तीर्थक्षेत्राचं गाव. शाळेच्या डब्यात मासळी न्यायची नाही, हा आमच्याकडचा न बोललेला नियम. पुण्यात पहिली खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी पगाराच्या आधी विचारलं, "नॉनव्हेज खाता का?" मी "नाही" म्हणालो. खोली मिळाली. आजीला मी हे कधी सांगितलं नाही. आता ऐकेल. म्हणजे लिहून ठेवणारे परके होते म्हणून इतिहास राहिला, एवढंच नाही. खाणारेही गप्प बसतात. मीही बसलो.

काटे येतात कुठून?

बारीक मासळी एवढी त्रासाची का, हे मला आधी कळत नव्हतं. माशाला पाठीचा कणा असतो, फासळ्या असतात. ते काटे कळतात, एका ओढीत निघतात. पण रोहूच्या कुळातल्या माशांना, पाल्यासारख्या समुद्री माशांना, आणखी एक प्रकार असतो. मांसाच्या आतच तयार झालेले सुटे काटे. कण्याला घट्ट जोडलेले नसतात. बरेचसे इंग्रजी वाय अक्षरासारखे, दोन टोकांचे. कणा ओढला तरी ते मांसातच राहतात. मरळ किंवा चिलापी या माशांना असे मांसातले काटे नसतात, म्हणून ते खायला सोपे.

आमच्याकडची बारीक मासळी बहुतेक रोहूच्याच दूरच्या भावंडांची. बोटभर जीव आणि अंगभर काटे.

तर प्रश्न असा, की काढताच येत नाहीत अशा काट्यांचं काय करायचं? आजीची सगळी कृती म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर आहे. रेकॉर्डिंगमधून जशीच्या तशी सांगतो, कारणं मी जोडलीत.

आजीची रीत

पहिली गोष्ट, राख. ताजा मासा बुळबुळीत, हातातून सटकतो. चुलीची कोरडी, चाळलेली राख लावली की चिकटा धरला जातो आणि मासा हातात राहतो. मग बांबूच्या टोपलीत जाड मीठ घालून मासळी हलक्या हाताने घोळायची. टोपलीच्या खरबरीत अंगाला घासून खवले निघतात. एकेक मासा घेऊन खवले काढत बसलं तर दिवस जाईल.

दुसरी, पोट. अंगठ्याने कल्ल्याकडून दाबत आणायचं, घाण एका दाबात बाहेर. पण पित्त फुटू द्यायचं नाही, नाहीतर अख्खं कालवण कडू. पहिल्या पाच माशांत मी तीन फोडले. आजीला ते वासावरून कळलं!

तिसरी, डोकं. मी विळीवर डोकी उडवायला लागलो तशी ती ओरडली, "आरं, डोकं कशाला टाकतो? सगळी ताकद तिथंच हाय." मला वाटलं जुनी समजूत. पुण्यात आल्यावर वाचलं. शकुंतला थिलस्टेड नावाच्या संशोधिका आहेत, त्यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांचं बरंचसं काम बांगलादेशातल्या बारीक माशांवर. तिथे मोला नावाचा बोटभर मासा खातात, आपल्याकडच्या तळ्यांतही तो सापडतो. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर, आणि त्यातलं बरंचसं डोळ्यांत. डोकं कापून टाकलं की तेही गेलं. शिवाय काटे चावून खाल्ले तर त्यातलं कॅल्शियम शरीर साधारण दुधातल्या इतकंच चांगलं घेतं. म्हणजे ज्या काट्याला आपण वैतागतो तोच खाण्याचा भाग आहे.

चौथी, काप. करंगळीएवढ्या माशाला काहीच करायचं नाही. तो अख्खा. त्याहून मोठा असेल तर दोन्ही अंगांना अगदी जवळजवळ आडवे काप द्यायचे. दोन कापांत आगपेटीच्या काडीच्या जाडीएवढं अंतर, खोली कण्यापर्यंत, पण कणा तोडायचा नाही. यामुळे मांसातल्या लांब काट्याचे बारीक तुकडे होतात. तुकडा एवढासा झाला की घशात अडकत नाही. तेलही आत जातं आणि उरलेला काटा कुरकुरीत होतो. ही युक्ती फक्त आमची नाही. चीनमध्ये, अमेरिकेत, जिथे जिथे काटेरी मासा खातात तिथे लोकांनी ती आपापली शोधली आहे.

पाचवी, आंबट. मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवायचं. कोळ नंतर कालवणातही जातो. आंबट पाण्यात काट्यातलं कॅल्शियम हळूहळू सुटतं, आणि बराच वेळ मंद आचेवर शिजलं की हाडाला चिवट ठेवणारा भाग विरघळतो. डब्यातले सार्डिन मासे काट्यांसकट खाता येतात ते याचमुळे. बंद डब्यात दाबाखाली उष्णता दिलेली असते. घाई असेल तर आपला कुकर तेच काम करतो, आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. आजीला कुकर मान्य नाही. तिच्या मते त्यात माशाचा लगदा होतो. खरंय, होतो.

मग बनवायचं दोन तऱ्हांनी. बारकी मासळी ज्वारीच्या पिठात घोळवून तव्यावर, थोड्या जास्त तेलात, कडक होईपर्यंत. मोठी कालवणात. कांदा-खोबरं भाजून वाटण, लसूण आणि दाटपणाला येसूर. येसूर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले दळून केलेलं आमचं मराठवाड्याचं पीठ. मासळी टाकली की पळी घालायची नाही. भांडं फडक्याने दोन्ही बाजूंनी धरायचं आणि हलवायचं. पळीने मासा मोडला की काटे सुटून रश्शात येतात, आणि रश्शातला काटा कुणालाच दिसत नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. कुठल्याच व्हिडिओत मी हे ऐकलं नव्हतं.

आजीचं माहेर

शिजत असताना मी विचारलं, "तू हे शिकलीस कुणाकडून?" म्हणाली, "माहेरी. आईकडून."

आजीचं माहेर गोदावरीच्या काठचं, गंगापूर तालुक्यातलं. भोई लोक नदीवर फेकजाळं टाकायचे आणि सकाळी दारोदार यायचे. ओंजळभर ज्वारीला ओंजळभर मासळी, असा हिशोब. पहिल्या पावसात मासे ओढ्या-नाल्यांतून उलटे वर चढायचे, अंडी घालायला. चढणीचे मासे. तेव्हा पोरंही टोपल्या घेऊन पळायची.

१९६५ मध्ये आजीचं लग्न झालं आणि ती वेरूळला आली. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणजवळ जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. जवळपास दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे आणि मागे नाथसागर, ज्याचा पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात. शंभरावर गावं उठली. आजीचं माहेर त्यातलंच एक.

धरणाने मराठवाड्याला काय दिलं ते मला माहीत आहे. आमच्या शहराचं पिण्याचं पाणी तिथलंच आहे. मासेही भरपूर दिले. फक्त वेगळे. साठलेल्या पाण्यात वाढवायला कटला, रोहू, मृगळ सोडतात. हे मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातले. १० जुलै १९५७ ला हिरालाल चौधरी यांनी ओडिशातल्या अंगुल इथे अशा माशांची इंजेक्शन देऊन पैदास करून दाखवली, आणि त्यानंतर देशभरच्या तळ्या-धरणांत मत्स्यबीज पोचवणं शक्य झालं. चिलापी तर १९५२ मध्ये भारतात आणलेला परदेशी मासा. भराभर वाढतो, स्वस्त पडतो, मांसात काटे नाहीत. त्याच्यावर माझा राग नाही. गरिबाच्या ताटात मासा येतो तो आज बहुतेक त्याच्यामुळे.

पण आजीचं म्हणणं वेगळं. "नदीचा मासा चढणीला येतो. धरणात कसली चढण?" बारीक मासळी संपली नाही, तलावा-ओढ्यांत आहे. पण ती रोजची राहिली नाही. आणि मासा रोजचा राहिला नाही की तो करायची सवय हातातून जाते. आईला ही रीत का आली नाही, याचं उत्तर मला तिथे मिळालं. (एक विनंती: चढणीचे मासे कितीही सोपे सापडले तरी सोडा. पोटात पुढच्या वर्षीची मासळी असते.)

ताटात

वाढायचीही रीत आहे. कालवण खोल वाटीत नाही, पसरट ताटलीत, म्हणजे मासा पूर्ण दिसतो. सोबत ज्वारीची भाकरी, कांदा. मासा शेपटीकडून धरायचा, बोटांनी दाबत पुढे जायचं, काटे ताटाच्या कडेला एका जागी. बोलायचं नाही. हसायचं तर मुळीच नाही. आणि फोन खाली. म्हणून म्हटलं, जेवताना हा भाग ऐकू नका. घशात काटा टोचलाच तर आजी कोरडी भाकरी गिळायला सांगते. डॉक्टर सांगतात की जबरदस्तीने काही गिळू नका, दवाखान्यात या. इथे मात्र डॉक्टरांचं ऐका.

मी आजीचं ताट वाढलं. तिच्यासाठी काटे मी काढत होतो, लहानपणी ती माझ्यासाठी काढायची तसे. माझी चार वर्षांची भाची शेजारी बसून बघत होती. दोन मासे निवडून झाले. आजीने ताटावरून बोटं फिरवली आणि एक काटा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. "हा राहिला."

मी म्हटलं, "मग तुला काटे दिसत नाहीत म्हणून कशाला नको म्हणालीस? बोटांना तर बरोबर कळतात."

ती भाचीकडे तोंड करून म्हणाली, "माझ्या ताटातले कळतात रे. तिच्या घशात एखादा गेला, तर मला कसा दिसणार?"

त्या दिवशी भाचीने तिचा पहिला बारीक मासा खाल्ला. कुरकुरीत, डोक्यासकट. काटे आईने बघितले, मी बघितले आणि शेवटी आजीच्या बोटांनी.

रेकॉर्डिंग सत्तेचाळीस मिनिटांचं आहे. दोन ठिकाणी बॅकअप ठेवलाय. तुमच्या घरातही असं एखादं माणूस असेल, ज्याच्याकडे एखादी रीत आहे आणि लिहिलेलं काही नाही. या रविवारी फोन घेऊन त्यांच्याशेजारी बसा. रेकॉर्डिंग चालू करा आणि मग फोन पालथा ठेवा.

भेटू पुढच्या भागात.